मिस्त्रींचा डावा अंगठा

विमानाला बॅटरी जोडली की मिस्त्री उजवा हात वर करायचे. पंजा उघडा, चौकात गाड्या थांबवणाऱ्या पोलिसासारखा. मग आम्हा सगळ्यांकडे एकेकदा बघून म्हणायचे, "जित्तं झालं."

नवीन माणूस असला तर त्याला पुढचंही ऐकवायचे. "बॅटरी नाही तवरोक ते थर्माकोल हाय. बॅटरी लागली का जित्तं झालं. जित्त्या जनावराच्या तोंडापुढं हात न्याचा नाही." त्यांच्या पोटरीवर एका जुन्या विमानाच्या पंख्याने कापल्याचा पांढरा वण होता. पँट वर करून तोही दाखवायचे. नवा माणूस दोन पावलं मागे सरकला की त्यांचं समाधान व्हायचं.

तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याच्या दुकानात कामापेक्षा भलत्याच वस्तू जास्त दिसतात. नेरच्या बसस्टँडमागे मिस्त्रींचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी आणून टाकत. मिस्त्री जुनी काळी तार ओढून काढत आणि नवी तांब्याची तार गुंडाळत. गुंडाळताना फेरे मोजायचे ते आपल्या बंजारा तांड्यावरच्या गोरबोलीत, ओठातल्या ओठात. त्या वेळी कोणी हाक मारली तर उत्तर द्यायचे नाहीत. आणि वर छताला, वार्निशच्या वासात, सहा-सात विमानं टांगलेली असायची. थर्माकोलची, सनबोर्डची, पंखांच्या आत बांबूची कामटी, शेपटीपर्यंत गेलेले सायकलचे स्पोक. एवढ्या मोठ्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस लिंबाएवढी मोटारही तितक्याच गंभीरपणे उलगडून बसायचा.

आमचा क्लब म्हणजे सात माणसं. काही नेरची, दोघं दारव्ह्याचे, एक बोरी अरबहून मोटरसायकलवर येणारा. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या, माळावर, वारा सुटायच्या आत, आम्ही रिमोटची विमानं उडवायचो. क्लबला पाटी नव्हती, पण अध्यक्ष होते. ते मेडिकल दुकानवाले. अध्यक्षपद त्यांच्याकडे जाण्याचं कारण एवढंच, की पंख न काढता विमान मावेल अशी गाडी फक्त त्यांच्याकडे होती.

मी त्या सातांतली एकटी बाई. शाळेत चित्रकला शिकवते. मिस्त्री एकदा शाळेतल्या पाण्याच्या पंपाची मोटार न्यायला आले, तेव्हा व्हरांड्यातली माझी चित्रं बघत बराच वेळ उभे राहिले. आठवड्याने मोटार परत आणली तेव्हा बरोबर एक कोरा पंख होता. रंगवून द्याल का म्हणाले. मी चार दिवस खपून त्यावर निळा मोर काढला. त्यांनी हात धुऊन पुसून तो पंख घेतला, खूप कौतुक केलं आणि रविवारी मला माळावर बोलावलं. मोर वर गेला आणि शंभर हातांवर नुसता काळा ठिपका झाला. विमान येतंय की जातंय, उताणं आहे की पालथं, काही कळेना. मिस्त्रींनी कसंबसं ते उतरवलं आणि हळूच म्हणाले, "बाई, चित्र सुंदर हाय. पण वर गेल्यावर माणसाले काय दिसते, ते काढा लागते."

तीस वर्षं चित्रकला शिकवूनही मला कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. पुढच्या पंखाची एक बाजू मी लाल केली, दुसरी काळी, पोटावर आडवे पट्टे ओढले. त्या रविवारपासून मी क्लबात गेले ती गेलेच. घरच्यांना वाटायचं, हे वयाला शोभत नाही. मला मात्र आठवड्यातून ते तीन तास असे मिळायचे, की जिथे मी कोणाची शिक्षिका नव्हते, कोणाची सून नव्हते. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मी जे केलं त्याच्या मुळाशी हाही स्वार्थ होता.

मिस्त्री विमान उडवायचे ते बघण्यासारखं असायचं. नांगरलेल्या काळ्या रानावर ऊन चढलं की त्यांची नजर आधी घारींकडे जायची. घार पंख न हलवता जिथे गोल फिरते तिथे हवा वर चाललेली असते. मिस्त्री विमान त्या जागी न्यायचे, मोटार बंद करायचे आणि घारीच्या खालच्या मजल्यावर विमान फिरू लागायचं. आवाज नाही, काही नाही. दोन्ही अंगठे रिमोटच्या दांड्यांवर असे ठेवलेले, की हलतात की नाही तेही कळू नये. अशा वेळी त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही आनंद दिसायचा नाही. फेरे मोजतानाचाच चेहरा असायचा.

विमान पडलं तर बाकीचे हळहळत. मिस्त्री गोणपाट घेऊन जात आणि तुकडा न् तुकडा वेचून आणत. "मोडलं म्हणजे कळते, कच्चं कुठं होतं ते," असं म्हणत ते तुकडे दुकानात टेबलावर मांडून ठेवत. कच्ची जागा सापडेपर्यंत नवं विमान सुरू करत नसत.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर त्यांची विमानं डावीकडून बिनसायला लागली. उतरताना मोटार मध्येच जोरात व्हायची, किंवा नको तिथे बंद पडायची. मोटारीची रेस रिमोटच्या डाव्या दांडीवर असते. मिस्त्रींनी रिमोट खोलला, दांडीखालचा भाग बदलला. मग दुसरा रिमोट आणला. महिनाभर ते कच्ची जागा यंत्रातच शोधत होते. दुकानात त्यांच्या हातून सोल्डरिंग आयर्न दोनदा पडलेलं मी पाहिलं. एकदा डाव्या अंगठ्याखालचा मांसल भाग मला बसल्यासारखा दिसला, पण वय झालं की हात सुकतात, असं मला वाटलं. आपण रोज माणूस पाहतो, त्यामुळेच आपल्याला तो दिसत नाही. चित्रकलेच्या बाईने तरी हे म्हणू नये, पण तसंच झालं.

तो रविवार थंडीचा होता. मिस्त्रींनी नवीन विमान आणलं होतं. त्याला शेपटी नव्हती, नुसता मोठा पंख, आणि मोटार व पंखा मागच्या बाजूला. असं विमान हाताने फेकावं लागतं. फेकणाऱ्याने पंख धरून पुढे ढकलायचा, हात मोकळा झाला की "सोडलं" म्हणायचं, आणि मगच उडवणाऱ्याने रेस द्यायची. हात मागच्या पंख्याच्या जवळच असतो, म्हणून हा क्रम चुकवायचा नाही. मिस्त्रींनी मला तो तीन वेळा बोलून दाखवायला लावला. मग बॅटरी लावली, हात वर केला, जित्तं झाल्याचं सांगितलं.

मी उजव्या हाताने विमान डोक्याच्या वर धरलं आणि वाऱ्याची झुळूक येण्याची वाट पाहत राहिले. मी अजून फेकलं नव्हतं. बोलले काहीच नव्हते. पंखा फिरला.

दुखलं ते नंतर. आधी आवाज बदलला, म्हणून मी वर पाहिलं, आणि मग मिस्त्रींकडे. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते स्वतःच्या डाव्या अंगठ्याकडे बघत होते. आपल्या अंगणात अनोळखी माणूस उभा दिसावा, तसे.

अध्यक्षांनी आपला रुमाल आणि गाडीत होता नव्हता तेवढा कापूस माझ्या हाताला गुंडाळला आणि मला यवतमाळला नेलं. तर्जनीचं वरचं पेर गेलं. मधलं बोट शिवलं, ते राहिलं, पण वाकत नाही. गाडीत बसण्याआधी सगळे एकच विचारत होते, झालं कसं? मिस्त्री तोंड उघडण्याच्या आत मी म्हणाले, "माझीच चूक. मी 'सोडलं' म्हटलं आणि हात मागे राहिला."

का म्हणाले? मिस्त्रींचा तो चेहरा मी पाहिला होता. खरं सांगितलं असतं तर त्यांचा रिमोट त्या दिवशी सुटला असता, आणि त्यांच्याशिवाय क्लब महिनाभरही टिकला नसता. म्हणजे माझे तीन तासही गेले असते. दया किती आणि स्वार्थ किती, याचा हिशेब मला आजही लागत नाही. तिथे उभे असलेले सगळे आपापल्या विमानांत गुंतलेले होते, त्यामुळे माझा शब्द खोटा म्हणणारं कोणी नव्हतं. एक सोडून.

ते दुसऱ्या दिवशी घरी आले. पत्नीला बरोबर घेऊन आले होते. वहिनी माझ्या सासूबाईंशी बोलत आत बसल्या आणि मिस्त्री बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर बसले. चहा घेतला नाही. बराच वेळ माझ्या हातावरच्या पट्ट्या बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुमी खोटं काहून बोल्ल्या?"

मी म्हटलं, जाऊ द्या, झालं ते झालं. सांगून बोट परत येणार आहे का?

ते उठले. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाले, की अंगठ्याला त्यांनी हलायला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट केली. सायकलच्या ट्यूबा कापून एकमेकींना जोडल्या, त्यांची लांब रबरी दोरी केली, तिचं एक टोक माळावर खुंटीला बांधलं आणि विमान तिच्यावर ताणून सोडायला सुरुवात केली. गलोलीतून खडा सुटावा तसं विमान सुटायचं. कोणी हात लावायला गेलं तर ते अंगावर ओरडायचे. आम्ही त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. अध्यक्षांना वाटलं, माझ्या अपघाताचा त्यांनी धसका घेतला. तसं ते म्हणालेही, आणि मिस्त्री मान खाली घालून ऐकत राहिले. उडवायचेही सगळ्यांपासून लांब, माळाच्या पार टोकाला जाऊन, एकटे.

असे पाच महिने गेले.

मग शर्टाची बटणं आली. बटणं लावायला मिस्त्रींना फार वेळ लागतो, हे वहिनींच्या लक्षात आलं. त्यांनी विचारलं तर ते चिडले. एक दिवस दुकानात गुंडाळलेली कॉइल सैल पडून सुटली आणि गिऱ्हाईक मोटार घेऊन परत आलं. उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. त्या दिवशी ते स्वतःच वहिनींना म्हणाले, दवाखान्यात चला.

यवतमाळच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. दुसऱ्या खेपेला मीही गेले, कारण वहिनींना तिथलं बोलणं कळत नव्हतं आणि मिस्त्री त्यांना काही सांगत नव्हते. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे होते. रोगाचं इंग्रजी नाव सांगितलं, मोटर न्यूरॉनचा आजार. मिस्त्रींनी त्यातला एकच शब्द धरला.

"मोटर बिघडली म्हणता काय?"

डॉक्टर म्हणाले, स्नायू म्हणजे मोटार धरली तर ती ठीक होती. मेंदूकडून तिच्याकडे जाणाऱ्या तारा मरत चालल्या आहेत. तारांतून काही पोचत नाही म्हणून मोटारही हळूहळू सुकते.

"मंग तार बदलता नाही येत?"

"नाही येत."

मिस्त्रींनी मान हलवली. आपल्याकडे आणलेली मोटार दुरुस्त होण्यापलीकडे गेली असेल तर शेतकऱ्याला ते असंच सांगायचे, दोन शब्दांत, आणि समोरचा अशीच मान हलवून मोटार उचलून न्यायचा. पुढे काय काय जाईल, ते डॉक्टरांनी क्रमाने सांगितलं. हात, पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. वहिनींनी मला विचारलं, काय म्हणतात. मी त्यांना सांगितलं, उपचार लांब चालेल. हेही एक खोटंच.

मिस्त्री बाहेर गेल्यावर मी मागे थांबले आणि डॉक्टरांना विचारलं, पाच महिने आधी आलो असतो तर? ते म्हणाले, काही फरक पडला नसता. माझ्या मनाचा भार त्या उत्तराने हलका व्हायला हवा होता. झाला नाही.

पुढचं वर्ष मी फार लांबवून सांगत नाही. पावसाळ्यात दुकान बंद झालं. हात दोन्ही गेले. विमानं छतावरून काढून घरी आणली, ती वहिनींनी खाटेवरून दिसतील अशी भिंतीला लावली. मी शाळा सुटल्यावर जाऊन बसायची. तोपर्यंत मी उरलेल्या बोटांत खडू धरायला शिकले होते. रेघ पूर्वीसारखी येत नव्हती, पण येत होती. मिस्त्री मला फळ्यावरच्या चित्रांबद्दल विचारायचे. वहिनी त्यांना भरवताना आमच्याशी बोलायच्या. मिस्त्री मला बाई म्हणतात ते शाळेतली बाई म्हणून, असं मी धरून चालले होते. वहिनी म्हणाल्या, तांड्यात बहिणीलाही बाईच म्हणतात, ते कोणत्या अर्थाने म्हणतात ते त्यांनाच विचारा. मिस्त्रींनी छताकडे पाहिलं आणि विषय तिथेच राहिला.

त्यांची जीभ जड व्हायला लागली तेव्हाची ही गोष्ट. वहिनी पाणी भरायला गेल्या होत्या. मिस्त्री एकेक शब्द ओढून आणत होते.

"बाई, तुमी माह्यावर दया केली. मी मांगतली होती काय?"

मला आधी कळलंच नाही, कशाबद्दल बोलताहेत.

"तुमचं बोट मी कापलं. माह्या हातानं. अन् गावात लोक मलेच म्हनतेत, बाईच्या चुकीचा तुमी किती धसका घेतला. हे आयकत मी पाच महिने उभा राह्यलो." इथे ते दम घ्यायला थांबले. "मी बोल्लो असतो. तुमी मले बोलू नाही देल्लं. मंग रोज वाटे, उद्या बोलीन. आता तोंडच चाललं."

मी माफी मागितली. ते म्हणाले, माफी नको, रविवारी माळावर न्या.

त्या रविवारी अध्यक्षांची गाडी दारापर्यंत आली. मिस्त्रींना पुढच्या सीटवर बसवलं, मानेला उशी लावली. वहिनींनी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून दिली आणि त्या घरीच थांबल्या. माळावर सगळे जमले होते. कित्येक महिन्यांत बऱ्याच जणांनी त्यांना पाहिलं नव्हतं. पाहिल्यावर कोणाला कुठे बघावं कळेना. दारव्ह्याच्या एकाने नवीन विमान दाखवायला आणलं होतं, ते त्याने पाठीमागे धरलं.

गाडीचं दार उघडं ठेवून आम्ही अर्धगोल करून उभे राहिलो. मिस्त्री बोलायला लागले.

कोणाला काही कळलं नाही. तोंडातून नुसता ओला, लांबट आवाज येत होता. अध्यक्ष वाकून ऐकत होते, होय होय म्हणत होते, आणि त्यांना काहीच समजत नव्हतं हे मिस्त्रींना दिसत होतं. ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तेच. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं बोलणं तोवर दोनच माणसांना कळायचं, वहिनींना आणि मला.

खरं सांगते, त्या क्षणी मला मोह झाला. ते तुम्हा सगळ्यांचे आभार मानताहेत, असं म्हटलं असतं तर डोळे पुसून सगळे घरी गेले असते. कोणाला कळलं नसतं. पण मिस्त्री माझ्याकडे बघत होते. मान हलत नव्हती, हात हलत नव्हते, सगळं माणूसपण त्या दोन डोळ्यांत येऊन बसलं होतं.

ते एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. मी ते मोठ्याने म्हणायची.

"बाईची चूक नव्हती."

"बाईनं सोडलं म्हटलंच नव्हतं."

"माह्या आंगठ्यानं रेस देल्ली. मले आधीच मालूम होतं, आंगठा बरोबर नाही. महिन्यापासून मालूम होतं. तरी मी उडवलं."

हे मला माहीत नव्हतं. त्या महिन्यात ते रिमोट खोलून बघत होते, ते मी पाहिलं होतं. पण कच्ची जागा रिमोटमध्ये नाही हे त्यांना तेव्हाच कळून चुकलं होतं, आणि तरी त्यांनी विमान माझ्या हातात दिलं होतं. मी तिथे थांबले. मिस्त्री थांबून राहिले. मी ते वाक्य पुरं म्हणेपर्यंत त्यांनी पुढचं सुरू केलं नाही.

"उडवनं सुटंल म्हनून भेलो. म्हनून बाईचं बोट गेलं."

शेवटचं एक वाक्य होतं. ते मला म्हणायचं नव्हतं, पण म्हटलं. "बाई खोटं बोलली, अन् मी ते चालू देल्लं. दोघाईचं पाप हाय."

माळावर वारा सुटला होता.  मग बोरी अरबचा सदस्य, जो कधीच फारसं बोलत नाही, पुढे आला. त्याने मिस्त्रींच्या मांडीवर पडलेला डावा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तसाच उभा राहिला. अध्यक्ष म्हणाले, झालं आता, सोडा. पण माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यानंतर दोन महिने ते माझ्याशी तुटक बोलत राहिले. माझ्या सांगण्यावरून त्यांनी मिस्त्रींना नको ते ऐकवलं होतं, तेव्हा त्यांचा राग रास्तच होता.

परतताना गाडीत मिस्त्रींना झोप लागली. मी मागे बसले होते. मला राग आला होता. महिनाभर माहीत असून त्यांनी मला विमान धरायला लावलं, हा राग मी घरी नेला, आणि तीन-चार दिवस त्यांच्याकडे गेले नाही. पाचव्या दिवशी गेले तेव्हा त्यांचं उरलंसुरलं बोलणं बंद झालं होतं. माझ्या रागाचा शब्द मी त्यांना ऐकवू शकले असते. ते काही म्हणू शकले नसते. म्हणून मी तो ऐकवला नाही. उशी सरळ केली आणि भिंतीवरच्या विमानांची धूळ पुसत बसले.

थंडी संपता संपता ते गेले. सकाळी वहिनी चूल पेटवून आत गेल्या तोवर श्वास थांबला होता. तांड्यावरची बरीच माणसं आली. गोरबोलीतलं रडणं मला कळत नव्हतं, पण बायका त्यात एकेक आठवण सांगत होत्या एवढं कळलं. क्लबातले आम्ही एका बाजूला उभे होतो. आम्हाला तिथे काही काम नव्हतं.

दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. जळालेल्या मोटारी घेऊन लोक दारव्ह्याला जातात. क्लब चालू आहे, पाच जण येतात. मी विमान उडवते, पण फेकायला कोणाच्या हातात देत नाही, आणि कोणाचं हातात घेतही नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी माळावर ऑटो येऊन थांबला आणि वहिनी उतरल्या. एकट्याच. इतक्या वर्षांत त्या कधी माळावर आल्या नव्हत्या. आम्ही आपापली विमानं खाली ठेवली. त्यांनी चहूकडे बघितलं आणि मला विचारलं, "ते कुठी उभे राहत?"

मी त्यांना माळाच्या टोकाला घेऊन गेले. गवत गुडघ्याएवढं होतं. जागा दाखवली तशा त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सावरून, तोंड वर करून. आभाळात काही नव्हतं. त्यांनी विचारलं, ऊन डोळ्यांत जात नव्हतं का त्यांच्या? मी म्हटलं, टोपी घालायचे. त्या म्हणाल्या, टोपी तर कधी घरी दिसली नाही. ती अध्यक्षांच्या गाडीत असायची, हे मी सांगितलं. त्या थोडा वेळ आणखी उभ्या राहिल्या.

परत येताना त्यांचा पदर आणि लुगड्याचा काठ कुसळांनी भरला होता. ऑटोवाला घाई करत होता. वहिनी एका दगडावर बसल्या आणि काठ मांडीवर ओढून कुसळं काढायला लागल्या. म्हणाल्या, दर रविवारी दुपारी त्यांच्या पँटची हीच कुसळं काढत बसायची, आणि मनात म्हणायची, हा माणूस जातो तरी कुठे. मी मदतीला वाकले. त्यांनी माझ्या हाताकडे, त्या दोन बोटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू द्या बाई. मले सवय हाय."

त्या एकेक कुसळ काढून बाजूला टाकत होत्या, घाई न करता. आम्ही पाचही जण त्यांचं आटपेपर्यंत उन्हात उभे राहिलो.